मदत हवी आहे: पायचा तिसराच अंक चुकतो, पुढचे बरोबर कसे?

मंडळी, नववीतल्या भाच्याला २२/७ काही पटेना. "मग खरा पाय काढतात कसा?" म्हणून मागे लागला, तेव्हा १ − १/३ + १/५ − १/७… ही श्रेणी एक्सेलमध्ये मांडली. एका रकान्यात विषम संख्या, शेजारी त्यांचे व्यस्त, एकाआड एक वजा. सूत्र १००० ओळी खाली ओढलं आणि बेरजेला ४ ने गुणलं.

आलेलं उत्तर: ३.१४०५९२६५३८४
खरी किंमत: ३.१४१५९२६५३५९

तिसऱ्या स्थळी १ च्या जागी ०, आणि पुढचे ५९२६५३ तंतोतंत! एकदा चुकलं की पुढचं सगळंच चुकायला हवं ना? शिवाय हजार पदांत दोनच स्थळं हाती लागत असतील, तर कोट्यवधी अंक काढणारे याच वाटेने जातात का?

खडूफळा: शीट बरोबर आहे. 'प' पदांनंतर उरणारी तूट जवळजवळ १/प असते. तुमची पदं १०००, म्हणून तूट ०.००१, आणि फटका नेमका तिसऱ्या अंकाला. ७०० पदं घ्या, ही गंमत गायब.

श्रेणी केरळच्या संगमग्रामच्या माधवाची, युरोपात लायब्नित्झच्या नावाने चालते. तूट भरायची युक्तीही केरळच्याच परंपरेतली: उत्तरात ४प/(४प²+१) मिळवा (पदं विषम असतील तर वजा करा). तुमच्यासाठी ४०००/४०००००१. करून सांगा.

धागाकर्ता: ३.१४१५९२६५३५८९७९! एक्सेल दाखवतं तेवढे सगळे जुळले. भाचा गप्प झालाय, हे दुर्मीळ.

अंकलिपी: विक्रमवाले या वाटेला जात नाहीत. रामानुजनच्या १९१४ च्या श्रेणीत दर पदाला साधारण ८ अंक मिळतात, चुडनोव्हस्की बंधूंच्या श्रेणीत १४. आजचे विक्रम या दुसरीवरच होतात. पण घरी करायला जॉन मेचिनचं सूत्र झकास, १७०६ मध्ये त्याने हाताने १०० स्थळं काढली:

पाय/४ = ४ आर्कटॅन(१/५) − आर्कटॅन(१/२३९)

आर्कटॅन क्ष म्हणजे ज्या कोनाचा टॅन क्ष, तो कोन (रेडियनमध्ये, १८० अंश = पाय). आर्कटॅन क्ष = क्ष − क्ष³/३ + क्ष⁵/५… इथे १/५ घातलं की पद दर वेळी पंचवीस पटींहून जास्त आकसतं. दहा-बारा ओळींत एक्सेलची मजल संपते.

धागाकर्ता: गप्प राहिला नाही. २३९ कुठून आला म्हणतोय.

अंकलिपी: ज्या कोनाचा टॅन १/५, तो चौपट केला की टॅन येतो १२०/११९, म्हणजे ४५ अंशांहून किंचित जास्त. त्या जादा तुकड्याचा टॅन बरोब्बर १/२३९. तेवढा छाटला की ४५ अंश, म्हणजेच पाय/४. वहीवर करून बघू दे त्याला.