आईच्या गुडघ्यांसाठी चिनी औषध: तिन्ही कल्पांत ज्येष्ठमध, बीपीचं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही तैवानात शिंचूला राहतो. आई साताऱ्याहून आली आहे. वय ६८, दोन्ही गुडघे झिजलेले, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. बीपीसाठी ॲम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन चालू आहे. इथे पारंपरिक चिनी वैद्यक राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतं, त्यामुळे ऑफिसमधले लोक सर्दीलासुद्धा तिकडे जातात. आई पाहुणी, म्हणून आम्ही रोख भरले. वैद्यबाईंनी दोन्ही हातांची नाडी आणि जीभ पाहिली, गारठ्यात दुखणं वाढतं का ते विचारलं. काढा उकळायची भानगड नाही, दाणेदार पुडी जेवणानंतर घ्यायची.

पिशवीवर नावं छापलेली असतात, ती मैत्रिणीकडून वाचून घेतली: दू हुओ जी शेंग तांग, शू जिंग हुओ श्वे तांग, शाओ याओ गान त्साओ तांग, आणि वर न्यू शी ही सुटी वनस्पती. पहिला कल्प (म्हणजे ठरलेलं मिश्रण) सातव्या शतकातले चिनी वैद्य सुन सिमियाओ यांचा, १५ वनस्पतींचा. जुनाट, थकलेल्या कंबर-गुडघ्यांसाठी. दुसरा अडलेलं रक्त हलवायला. तिसऱ्यात दोनच गोष्टी, शाओ याओ या फुलझाडाचं मूळ आणि गान त्साओ; तो पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांसाठी. न्यू शी आपल्या आघाड्याच्या कुळातली, आणि ती पहिल्या दोन कल्पांतही आहेच!

गान त्साओ म्हणजे ज्येष्ठमध. तो तिन्हींत आहे, तिसऱ्यात तर निम्मा. दुखणं कमी झालंय हे खरं, आई खूश आहे. पण हल्ली घोट्यांवर सूज दिसते आणि घरच्या यंत्रावर बीपी चढलेलं येतं. पुड्या थांबवू का? आणि मैत्रिणीच्या सासऱ्यांना गुडघ्यासाठीच दांग ग्वेई न्येन तोंग तांग दिलंय. दुखणं एकच, मग औषध वेगळं कसं?

– रेवा_शिंचू

काढेवाला: रेवाताई, सासऱ्यांचा गुडघा लाल, गरम, सुजलेला असणार. गाऊट आहे का विचारा. तो कल्प उष्ण-दमट प्रकारासाठी देतात. काकूंचा थंडीने वाढणारा. दोघांचा एक्स-रे सारखाच दिसला तरी चिनी वैद्य प्रकार पाहून औषध लिहितात, आपल्याकडे आमवात आणि संधिगत वात वेगळे धरतात तसं. दोन कल्प आणि एक-दोन सुट्या वनस्पती ही तिथली नेहमीची पद्धत, पुनरावृत्ती त्यातूनच होते. काकू साताऱ्याहून योगराज गुग्गुळ घेऊन आल्या असतील तर तोही सांगा. आया हे हमखास लपवतात.

प्राजक्त: मी फार्मासिस्ट आहे. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम उतरवतं. पोटॅशियम कमी झालं की पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणजे ज्यासाठी तिसरा कल्प दिला तेच वाढायचं. सूज एकट्या ॲम्लोडिपिननेही येते, त्यामुळे घरी बसून ठरवू नका. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन उद्याच करून घ्या. तोवर पुड्या बंद. बीपीच्या गोळ्या मात्र चुकवू नका. धडधड झाली किंवा पायातली ताकद गेली तर थेट इमर्जन्सीत न्या. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दांग ग्वेई या मुळीचंही सांगायला हवं, पहिल्या दोन्ही कल्पांत ती असते.

रेवा_शिंचू: रक्त पातळ करणारी गोळी नाही. गुग्गुळाची डबी मात्र निघाली, उशीखालून! सकाळी रक्त देतोय. त्यानंतर वैद्यबाईंकडे आईच्या सगळ्या गोळ्या घेऊन जाईन. तिसरा कल्प काढून पोटऱ्यांतल्या गोळ्यांसाठी ज्येष्ठमध नसलेलं काही देतात का, कुणाला अनुभव आहे?