मदत हवी आहे: भिंतीला खेटून ठेवायला सीलबंद स्पीकर की पोर्टवाले (पेटीला हवेसाठी भोक असलेले)?

खोली लातूरला, दहा बाय बारा, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. स्पीकर भिंतीपासून वीतभरच पुढे येतात; त्याहून पुढे घेतले की दार अडतं. अँप्लिफायर ४० वॉटचा, तो बदलायचा नाही. ऐकणं मुख्यतः ख्यालगायन आणि तबला, मध्यम आवाजात.

सध्याच्या बुकशेल्फ (लहान पेटीच्या) स्पीकरना पोर्ट मागे आहे. डग्गा घुमतो, गायकाचा खर्जही फुगतो. जाड सतरंजी अंथरली, स्टँड कोपऱ्यातून काढले, पोर्टमध्ये स्पंजचा बोळा कोंबला. बोळ्याने घुमणं कमी झालं, पण खालचा आवाज पारच पातळ. दहा फुटांत ५६ हर्ट्झच्या आसपास खोली घुमणारच, ते स्पीकर बदलून जाणार नाही हे मान्य. (सबवूफर सुचवू नका, शेजाऱ्यांची भिंत सामाईक आहे.)

सीलबंद पेटीत खालचा आवाज ऑक्टेव्हमागे (कंप्रता निम्मी होताना) साधारण १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्यात २४ ने. म्हणजे खालच्या आवाजाला भिंतीमुळे मिळणारा आधार सीलबंदला जास्त मानवायला हवा, असं माझं गणित. पण दोन्ही शेजारी ठेवून ऐकवणारं दुकान इकडे सापडलं नाही.

इतक्या जवळच्या भिंतीपाशी कोणी सीलबंद वापरलेत का? डग्ग्याचा घिस्सा (मनगट घासून काढलेला नाद) सुटा ऐकू येतो का, की पुढे पोर्ट असलेल्यांनीही भागेल?