हिमालयातील पाण्यावर कयाक: आपापले अनुभव लिहा

पाणकोंबडा
काल माळ्यावरची जुनी पिशवी उपसताना नाकाला लावायचा एक चिमटा सापडला. त्याचे रबर चिकट झाले आहे, तरी तो टाकून देववेना, कारण नेपाळमधील पोखऱ्याच्या फेवा तलावात मी पहिल्यांदा उलटा झालो तेव्हा तो माझ्या नाकावर होता. प्रशिक्षक कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले आणि मला आत बसवून त्यांनी कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, मुद्दाम उलटी केली. नियम असा होता, की डोके पाण्याखाली असतानाच कयाकच्या बुडावर तीन थापा मारायच्या, मग स्प्रे स्कर्टची, म्हणजे कमरेभोवती घालून कयाकचे तोंड बंद करणाऱ्या आवरणाची, पट्टी पुढे ओढायची आणि बाहेर यायचे. थापा कशासाठी, तर घाई करण्याची सवय मोडावी यासाठी. मी एकच थाप मारली आणि बाहेर आलो, म्हणून पुन्हा उलटा केला गेलो. हिमालयात तळ्यापासून खळाळत्या नदीपर्यंत कोठेही वल्हे मारले असेल, तर येथे लिहावे. नवशिक्यांचे अनुभव विशेष हवे आहेत.

संथवाहते
मी फेव्याच्या पुढे कधी गेले नाही आणि त्याची खंतही नाही. सकाळी सातच्या सुमारास पाणी इतके स्थिर असते, की माच्छापुच्छ्रे शिखराचे प्रतिबिंब वल्ह्याने मोडताना अपराधी वाटते. मात्र दुपारी वारा सुटतो, हे कोणी सांगितले नव्हते. बेटावरच्या बाराही देवीच्या मंदिरापर्यंत मजेत गेले, परंतु परतताना तेवढ्याच अंतराला दुप्पट वेळ लागला आणि खांदे दोन दिवस बोलत होते.

गुडघेदुखी
पाय लांब करून गच्च बसायच्या बंद कयाकमध्ये माझा गुडघा दहा मिनिटेही टिकत नाही, त्यामुळे उत्तराखंडातील टिहरी धरणाच्या जलाशयावर मुलीबरोबर वरती बसायची दोन आसनी कयाक घेतली. पाण्यावर काहीच अडचण आली नाही. अडचण होती ती काठाची, कारण जलाशय उतरलेला असेल तर रस्त्यापासून पाण्यापर्यंत उघड्या पडलेल्या भुसभुशीत उतारावरून बरेच खाली जावे लागते आणि संध्याकाळी तोच उतार चढावा लागतो. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत, त्यांनी आधी काठाची चौकशी करावी, नंतर कयाकची.

पाणकोंबडा
गुडघेदुखी, मुलीने वल्हे मारले की आपण?

गुडघेदुखी
मुलीने मारले. मी सूचना केल्या, ज्या तिने ऐकल्या नाहीत.

वल्हेकरी
तळे झाल्यावर एकदम मोठ्या नदीवर जाऊ नये, मध्ये नेपाळमधील सेती नदी करावी. दमौलीपासून गाईघाटपर्यंतचा तिचा खालचा टप्पा अवघडपणाच्या दुसऱ्या ते तिसऱ्या श्रेणीचा आहे, पाणी हिमालयातील इतर नद्यांच्या मानाने कोमट असते आणि प्रत्येक रॅपिडनंतर, म्हणजे खळाळत्या पट्ट्यानंतर, श्वास घेण्यापुरता संथ डोह मिळतो. तेथे मी एडी ओळखायला शिकलो. एडी म्हणजे खडकाच्या आडोशाला उलट दिशेने फिरणारे पाणी, जेथे थांबून पुढचा मार्ग पाहता येतो. तिच्यात शिरताना शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवले नाही, तर कयाक बाजूवर कलंडते. हे वाक्य मी दिवसातून पंधरा वेळा ऐकले आणि सोळाव्यांदा उलटल्यावर मला समजले.

गंगाकाठी
ऋषीकेशविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तेथे बहुतेक जण राफ्टमध्ये बसून येतात आणि कयाकही तशीच असेल असे समजतात. राफ्टमधून शिवपुरीखालचा ‘गोल्फ कोर्स’ नावाचा रॅपिड म्हणजे आरडाओरडा आणि हशा. कयाकमधून तोच रॅपिड म्हणजे डोळ्यांच्या उंचीवरून येणारी पाण्याची भिंत. मार्च महिना होता. पहिली लाट पार केली, दुसरीने आडवी पाडली. दोनदा रोल, म्हणजे आत बसूनच कयाक पुन्हा सुलटी, करायचा प्रयत्न केला, पण कमरेचा झटका देण्याआधीच मी डोके वर काढत होते, आणि डोके आधी वर आले की रोल फसतो. शेवटी कयाक सोडून पोहले. पाय पुढे, बोटे पृष्ठभागावर, पाठ टेकलेली, हे शिकवलेले सगळे आठवले. आठवले नाही ते वल्हे धरून ठेवणे. ते थेट खालच्या वळणावर सापडले. वरच्या धरणांतून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले, की पातळी बदलते, त्यामुळे काल सोपा गेलेला रॅपिड आज तसाच असेल असे धरून चालू नये. जुलै-ऑगस्टमध्ये तेथील राफ्टिंग बंदच असते. कौडियालाखालच्या ‘द वॉल’ या रॅपिडपाशी मी आजही कयाक उचलून काठाने चालत जाते आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

संथवाहते
गंगाकाठी, वल्हे सापडले हे वाचून बरे वाटले. मी तर तळ्यातही वल्हे हरवले आहे.

नदीवेडा
लडाखमधील झांस्कर नदीविषयी एकच गोष्ट सांगतो. मुक्कामाला पोहोचल्यावर आमच्या म्होरक्याने पाण्याच्या काठाला बरोबर लागून एक चपटा दगड ठेवला. आम्हाला तो पोरकटपणा वाटला. पहाटे पाहिले तर दगड पाण्याखाली आणि आमच्या कयाकची टोके तरंगत होती. वर हिमनद्यांवर दिवसभर ऊन पडते, बर्फ वितळते आणि ते पाणी कित्येक तासांनी, कधी कधी रात्री, खालच्या घळीत पोहोचते. त्या घळीत दोन्ही बाजूंना उभे कडे असल्यामुळे मधूनच बाहेर पडण्याची सोय नाही, म्हणून रोल पक्का नसलेल्यांनी तेथे जाऊ नये, हे मी स्पष्टच लिहितो. लडाखचीच ओढ असेल, तर फेपासून निम्मूपर्यंतची सिंधू पुष्कळ सौम्य आहे. फक्त लेहची उंची सुमारे 3,500 मीटर असल्याने पहिले दोन दिवस वल्ह्याला हात लावू नये. मी पहिल्याच दुपारी लावला होता आणि रात्रभर डोके धरून बसलो.

वल्हेकरी
नदीवेडा, आपण दोलालघाट ते चतरा असा नेपाळमधील सुनकोशी नदीचा सुमारे 270 किलोमीटरचा प्रवासही केला होता ना? त्याबद्दल लिहावे.

नदीवेडा
लिहीन. त्यात सात रात्री ओल्या मोज्यांबरोबर काढल्या आहेत, त्यामुळे सवडीने लिहावे लागेल.

गुडघेदुखी
मोज्यांचे सविस्तर वर्णन टाळावे, ही विनंती. मुलगी हे सर्व वाचत आहे आणि सेतीची तारीख विचारत आहे.