ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरात डायनिंग टेबल हवंच का?

पाटपाणी:
घर लावायला काढलं की सुताराचा पहिला प्रश्न, 'डायनिंग किती जणांचं?' मुळात हवंय का, हे कोणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे. दौलतगंज-माधोगंजकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत टेबल घातलं की खोली गेली.

हिशेब करा. चौघांचं टेबल चार फूट बाय अडीच फूट. खुर्ची मागे सारून उठायला दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट, मागून वाढायला जायचं असेल तर तीन. म्हणजे दहा फुटांतले साडेसात-आठ संपले, आणि जेवणार फक्त चारजण. त्याच खोलीत पंगत मांडा. माणशी दोन फूट धरले तर बारा फुटांच्या भिंतीला सहा, समोर सहा. पाट आणि ताट मिळून पावणेचार फूट, दोन्ही रांगांचे साडेसात. मधल्या अडीच फुटांतून वाढपी आरामात फिरतो. दाराची जागा सोडून दहा पानं कुठे गेली नाहीत. जेवणं झाली की पाट भिंतीला उभे आणि खोली पुन्हा मोकळी.

टेबलावर एरवी काय असतं तेही बघा. इस्त्रीचे कपडे, वीजबिल, औषधांचा डबा. कोपऱ्यात तिघं कशीबशी ताट टेकवतात आणि बाकीचे सोफ्यावर टीव्हीसमोर.

कोपरखळी:
दहा पानं वर्षातून किती वेळा बसतात? गणपती, श्राद्ध, एखादं केळवण. उरलेल्या दिवसांचं बोला. आणि त्या दहाजणांना वाढतं कोण, जेवतं शेवटी कोण, हेही हिशेबात धरा. पंगतीत अडीच फूट वाढपीणबाईसाठी ठेवलेत, तिच्या पानासाठी किती? टेबलावर पातेली मधे ठेवली की ज्याचं त्याने घ्यावं आणि सगळ्यांनी एकदम बसावं. टेबलाचा खरा फायदा हाच.

शिवाय गुडघे. पाटावरून उठताना पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावर सगळा भार येतो, आणि धरायला समोर काही नसतं. साठीनंतर हे दिवसातून दोनदा करायला लावणं बरं नाही. जानेवारीत ग्वाल्हेरची दगडी फरशी किती गार पडते ते इथे कोणाला सांगायला नको.

फक्त मापं नीट घ्या. टेबल तीस इंच उंच, खुर्चीची बैठक अठरा. मधे बारा इंच राहायला हवेत. जाड गादीची खुर्ची घेतली तर गादी दबल्यावरची उंची मोजा. अंतर कमी पडलं तर मांड्या टेबलाखालच्या पट्टीला लागतात, जास्त झालं तर खांदे उचलून जेवावं लागतं.

रंधा:
कोपरखळी, 'पातेली मधे' हे बोलायला सोपं आहे, पण अडीच फुटी टेबलावर जमत नाही. दुकानातलं टेबल सपाट प्लेटच्या हिशेबाने केलेलं असतं, ती दहा-साडेदहा इंचांची. आपलं वाट्या मावणारं ताट साडेबारा-तेरा इंच. समोरासमोर दोन ताटं म्हणजे सव्वीस इंच, कडेपासून एकेक इंच आत, झाले अठ्ठावीस. तिसातले उरले दोन. दोन इंचांत पातेलं सोडा, लोणच्याची बरणीसुद्धा बसत नाही. मग पातेली ओट्यावर राहतात आणि बाईच उठून वाढते. पंगतीत होतं तेच, फक्त खुर्चीवरून उठून.

जयविलासात, म्हणजे शिंद्यांच्या राजवाड्यात, यावर उपाय आहे म्हणा! दरबारी जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी, रुळांवरून फिरत पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट नेणारी. आपल्याकडे पिठलं कोण फिरवणार?

म्हणून टेबल करायचंच तर रुंदी तीन फूट. मग मधे आठ इंच मिळतात. मोठं पातेलं नाही, पण आमटीचं लहान भांडं आणि कोशिंबीर राहते. लांबी माणशी दोन फूट, त्यात कसूर नको. डावखुरा शेजारी असेल तर आणखी दोन इंच.

पाटपाणी:
म्हणजे तीन अधिक पाच, आठ फूट! माझंच म्हणणं झालं की.

कोपरखळी:
एक बाजू भिंतीला लावा, अडीच फूट वाचतात. पाहुणे आले तरच ओढायचं. किंवा भिंतीवर घडीचं टेबल करा.

रंधा:
भिंतीला लावलंत की त्या बाजूच्या खुर्च्या गेल्या, हे धरून चाला.

घडीचं टेबल सिमेंटच्या भिंतीवर ठीक. लष्करातल्या जुन्या घरांच्या भिंती दगड-चुन्याच्या. वर इंचभर चुन्याचा गिलावा, त्यात स्क्रू धरायचा प्लास्टिकचा गुल्ला ठोकला की भोक भुसभुशीत होऊन मोठं होतं. एकोणीस मिमी प्लायची चार बाय अडीचची फळी स्वतःच दहा-अकरा किलोची, त्यात पुढच्या कडेला कोणी कोपर टेकून भार दिला की वरचे स्क्रू आधी उपटतात. तेव्हा आधी भिंतीवर तीन-चार इंची सागाची आडवी पट्टी बसवा. भोक सांध्यात नको, दगडात पाडा, आणि बोल्ट गिलावा ओलांडून दोन इंच तरी आत जायला हवा. बिजागरी त्या पट्टीला. आणि पुढच्या कडेला दोन घडीचे पाय हवेतच, नुसत्या ब्रॅकेटवर भरवसा नको.

पाटपाणी:
एवढं करून चारच माणसं! गुडघ्यांचं मान्य. त्यांच्यासाठी एक खुर्ची आणि उंच चौरंग पुरे. त्यासाठी अख्खी खोली कशाला बांधून टाकायची?

कोपरखळी:
म्हणजे आजी एकट्या चौरंगावर आणि बाकीचे खाली? जेवताना त्यांना सगळ्यांच्या डोक्यांवरूनच बोलावं लागेल.

नवेघर:
माझी खोली चौदा बाय बारा आहे, त्यामुळे टेबल ठरलंय. सुतार शीशमचं म्हणतो, सहा फूट बाय तीन. काय बघून घ्यावं? वर काच टाकावी का?

रंधा:
शीशममध्ये पांढरट पट्टे नकोत. तो बाहेरचा कच्चा भाग, किडा तिथेच लागतो. दुकानदार गडद पॉलिशखाली तो लपवतात, म्हणून पॉलिशच्या आधी फळ्या बघा.

टेबलाचा वरचा फळा भरीव लाकडाचा असेल तर तो खालच्या चौकटीला चिकटवू देऊ नका. मे महिन्याच्या गरम, कोरड्या वाऱ्यात लाकूड आक्रसतं, श्रावणात फुगतं. तीन फूट रुंदीत पाचेक मिलिमीटरचा फरक सहज पडतो. फेविकॉल आणि स्क्रूने घट्ट जखडलं तर फळा मधोमध तडकतो. स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट ठेवायला सांगा, किंवा चौकटीच्या खाचेत सरकणारे लाकडी गुटके लावून घ्या. तडकल्यावर भुसा-फेविकॉल भरून काही होत नाही, पुढच्या उन्हाळ्यात तीच फट पुन्हा उघडते. कूलरचा झोत थेट टेबलावर नको, एकाच कडेला ओल लागून फळा वाकतो.

पॉलिश पीयूचं (पॉलियुरेथेनचं) घ्या. साध्या पॉलिशवर गरम कुकर ठेवला की पांढरं कडं उमटतं. पीयू जास्त सोसतं, तरी खाली लाकडी चकती हवीच.

काच टाकायचीच असेल तर पाच-सहा मिमीची टफन्ड (कडक केलेली) आणि खाली पारदर्शक रबरी ठिपके. ठिपके नसले की सांडलेलं पाणी काचेखाली अडकून पॉलिश पांढरं पडतं. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून टेबल घरी आल्यावरच माप द्या.