उड्डाणबंदी म्हणजे युद्ध नव्हे, हे कितपत खरं?

प्रश्न (पारंबी): दुसऱ्या देशातल्या यादवीत बाहेरच्यांनी पडावं का, हा वाद निघाला की कुणीतरी उड्डाणबंदीचा तोडगा पुढे करतं. सैनिक उतरवायचे नाहीत, सरकारी विमानं तेवढी उडू द्यायची नाहीत, म्हणजे नागरिकही वाचले आणि आपण युद्धातही पडलो नाही. लिबियाचा दाखला तर दोन्ही बाजू देतात. याला परवानगी कशी मिळते, प्रत्यक्षात करतात काय, आणि माणसं वाचतात का? ‘साम्राज्यवाद’ आणि ‘मानवता’ हे दोन शब्द न वापरता कुणी सांगेल का?

चक्रीवादळ: आधी ‘करतात काय’ ते सांगतो, कारण गल्लत तिथेच होते. परक्या आकाशात गस्त घालायची तर खालची रडार आणि विमानवेधी क्षेपणास्त्रं आधी निकामी करावी लागतात. लिबियात १९ मार्च २०११ ला पहिल्याच रात्री अमेरिकी आणि ब्रिटिश नौकांवरून ११० हून जास्त टॉमाहॉक क्षेपणास्त्रं सुटली. याला युद्ध नाही तर काय म्हणायचं?

पुढचा खर्च गस्तीचा. दोन विमानं चोवीस तास हवेत हवी असतील तर मागे सहा-आठ लागतात: काही वाटेवर, काही परतीला, काही दुरुस्तीत. शिवाय हवेत इंधन भरणारी विमानं, टेहळणीची अवॅक्स, आणि वैमानिक पडलाच तर त्याला उचलून आणणारं पथक.

चूक कशी होते तेही पाहा. १४ एप्रिल १९९४ ला उड्डाणबंदी असलेल्या उत्तर इराकमध्ये अमेरिकेच्याच दोन एफ-१५ नी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली, २६ जण गेले. हेलिकॉप्टरांचा ओळख-संकेत बंदीक्षेत्राबाहेरचा होता, आतला वेगळा होता. वैमानिकांनी डोळ्यांनी खात्री केली, तीही चुकली. अवॅक्स हवेतच होतं.

अर्धविराम: माणसं वाचतात का, याचं उत्तर मारणारा कशाने मारतोय यावर आहे. बोस्नियात ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठराव ७८१ ने लष्करी उड्डाणं बंद केली, पण ती बळाने मोडून काढायची मुभा मिळाली मार्च १९९३ च्या ठराव ८१६ ने. फेब्रुवारी १९९४ मध्ये नाटोने बोस्नियन सर्बांची चार विमानं पाडली. लढाऊ विमानांपुरती बंदी चालली म्हणा ना. तरीही जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले, कारण ती कत्तल बंदुकांनी झाली, विमानांनी नव्हे. त्यात ‘दोन चाव्यां’ची भानगड: हवाई हल्ल्याला संयुक्त राष्ट्रं आणि नाटो दोघांचा होकार लागायचा.

इराकच्या दक्षिणेतही १९९२ पासून बंदी होती, पण सद्दामचं जमिनीवरचं सैन्य मोकळं राहिलं आणि दलदलीचा प्रदेश कोरडा पाडणं चालूच राहिलं. उत्तरेत कुर्द तगले त्याचं एक मोठं कारण म्हणजे १९९१ मध्ये तिथे परकी पायदळं उतरली होती. नुसत्या आकाशाच्या बंदीने ते झालं नसतं.

चक्रीवादळ: पटलं, फक्त लिबियातलं बेनगाझी विसरू नका. शहराच्या वेशीवर आलेला सरकारी रणगाड्यांचा ताफा फ्रेंच विमानांनी थोपवला. ती उड्डाणबंदी नव्हती, तो जमिनीवरचा हल्ला होता, आणि तो वेळेवर झाला म्हणून उपयोगी पडला.

सनदी: परवानगीचं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २(४) नुसार बळाचा वापर निषिद्ध. अपवाद दोन: कलम ५१ चा स्वसंरक्षणाचा आणि सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेच्या मंजुरीचा. इराकमधल्या उड्डाणबंदीच्या पट्ट्यांना स्पष्ट मंजुरी कधीच नव्हती. लिबियासाठी ठराव १९७३, १७ मार्च २०११: बाजूने १०, विरोधात शून्य, आणि भारत, चीन, रशिया, ब्राझील, जर्मनी तटस्थ. नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ करा, परकी सैन्याचा ताबा मात्र नको, असा मजकूर. त्यात राजवट बदला असं कुठेही नाही. पण कारवाई लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी २० ऑक्टोबरला मारला जाईपर्यंत चालली आणि ३१ तारखेला गुंडाळली. तटस्थ राहिलेल्यांना यातून फसवणूक दिसली. त्या महिन्याच्या ४ तारखेलाच सीरियाविषयीच्या ठरावाच्या मसुद्यावर रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला होता. माझ्या मते लिबियाची खरी किंमत तिथे मोजली गेली.

पारंबी: आणि त्या देशाच्या सरकारनेच बोलावलं तर?

सनदी: तर कलम २(४) आड येत नाही, अट एवढीच की बोलावणाऱ्याला तो अधिकार हवा आणि बोलावणं मागे घेतलं की निघायला हवं. आपली शांतिसेना २९ जुलै १९८७ च्या कराराने श्रीलंकेत गेली. करारावर भारत आणि श्रीलंका सरकारच्या सह्या होत्या, शस्त्रं खाली ठेवायची होती तमिळ वाघांनी (एलटीटीई), आणि त्यांची सही नव्हती. ऑक्टोबरात त्यांच्याशीच लढाई जुंपली. १९८९ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी, प्रेमदासांनी, ‘आता जा’ म्हटलं. शेवटची तुकडी निघायला मार्च १९९० उजाडला, तोवर बाराशेच्या आसपास भारतीय सैनिक गेले होते.