मदत हवी आहे: पार्कमध्ये निवांत बसायला जागा कुठे मिळेल?

फोंडेकरीण
27 डिसेंबरला जातोय, तिकिटं काढून झालीत. वेबसाइटवर बघावं तर राइड्सच राइड्स, दहा मिनिटं शांत बसायचं कुठे ते कुठेच लिहिलेलं नाही. कुणी गेलं असेल तर प्लीज लवकर सांगा, सोबत सासूबाई आणि मुलगा आहेत.

म्हापशेंकार
कुठलं पार्क? आपल्या हणजुण्याचं वॉटरपार्क की बाहेरचं?

फोंडेकरीण
अहो इमॅजिका, खोपोलीचं.

निवांत_दिचोली
नाताळ ते नवीन वर्ष म्हणजे सगळ्यात जास्त गर्दीचा आठवडा, तारीख बदलता आली तर बघा. नसेल जमत तर सासूबाईंसाठी गेटवरच गेस्ट सर्व्हिसला व्हीलचेअर मागून घ्या, मग बसायला जागा शोधायलाच नको.

सांखळीचा_बाब
व्हीलचेअर कशाला? आमच्या आईचे गुडघे दुखतात तरी ती शिरगावच्या जत्रेत रात्रभर उभी असते. माणसाला आधीच आजारी करून टाकू नका.

निवांत_दिचोली
जत्रेत दमली की ती ओळखीच्या कुणाच्या तरी घरी सोप्यावर जाऊन टेकते, देवळात अग्रशाळा, म्हणजे भाविकांना राहायच्या खोल्या, असते. तिथे पार्कात कोण ओळखीचं? माझ्या वडिलांनी पण नको नको म्हटलेलं, दुपारी दोनला फूटपाथच्या कडेला बसले आणि उठवेनात.

कोकणरेल्वेप्रेमी
जाणार कसे? मडगावहून संध्याकाळी कोकणकन्या पकडा, पहाटे पनवेल, तिथून गाडी करून एक्सप्रेसवेने खोपोली, गेट उघडायच्या आधी पोचता. बसपेक्षा शंभरपट बरं.

फोंडेकरीण
सासूबाई ठणठणीत आहेत हो, त्या माझ्यापेक्षा जास्त चालतात!! प्रश्न मुलाचा आहे. सहा वर्षांचा आहे, फार आवाज आणि गर्दी झाली की त्याला सहन होत नाही, कान दाबून खाली बसतो. गेल्या वर्षी दुसऱ्या एका पार्कात टेबलाखाली जाऊन बसला तर तिथला माणूस म्हणाला इथे बसायचं नाही, उठवा त्याला. मी त्याला उचलून बाहेर आणलं आणि आम्ही परत आलो. पण गाड्या, डायनासोर त्याला अतिशय आवडतात, त्याने स्वतःच यायचं म्हटलंय.

निवांत_दिचोली
मग हे आधी सांगायचं ना ताई.

म्हापशेंकार
एसी थिएटरवाले शो आहेत ना, आय फॉर इंडिया वगैरे. खुर्चीवर आरामात बसायचं.

आवय_पेडणें
नको. माझी मुलगी पण अशीच आहे. तिथे अंधार, खुर्ची हलते, स्पीकर चारी बाजूंनी. मोठ्यांना तो आराम वाटतो, अशा मुलाला नाही. आम्ही जे केलं ते सांगते. जेवण साडेअकरालाच उरकलं, बारा ते दोन रेस्टॉरंटमध्ये पाय ठेवायला जागा नसते. अडीचनंतर परत गेलो तर कोपऱ्यातलं टेबल मिळालं, किचन आणि दारापासून लांब, तोंड भिंतीकडे करून बसवलं. आत शिरताच गेस्ट सर्व्हिसला विचारा बेबी केअर रूम कुठे आहे आणि गरज पडली तर आत बसू देतील का, तेव्हाच बोलून ठेवलं की नंतर वाद नाही. आणि तो कान दाबेपर्यंत थांबू नका, एक राइड झाली की पंधरा मिनिटं बसायचंच, त्याला बरं वाटत असलं तरी.

सांखळीचा_बाब
माझं मत, सवय लावा. सारखं लपवत राहिलात तर पुढे शाळेत काय करणार?

आवय_पेडणें
बाब, तो लपत नाहीये. आवाज त्याला खरंच बोचतो. थोडं शांत बसलं की परत खेळायला येतो, नाही बसलं तर दिवसच संपतो.

पणजीवाला_मेकॅनिक
हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडर चालवणारे लावतात ते इयरमफ मिळतात, लहान साइजचे मागा. आमच्या गॅरेजमध्ये पोरगा आला की लावतो. कापसाचे बोळे घालू नका, आत अडकतात.

बेंगळूरुत_गोंयकार
मी म्हणेन बिडदीचं वंडरला करा, झाडं भरपूर आणि आतच रिसॉर्ट आहे.

फोंडेकरीण
तिकिटं काढलीत म्हटलं ना.

आवय_पेडणें
इमॅजिकाला पण पार्कला लागूनच हॉटेल आहे. एक रात्र परवडत असेल तर घ्या. पहाटेच्या गाडीने अर्धवट झोपेत आलेला मुलगा अकरा वाजताच थकतो. फक्त बाहेर जाऊन परत आत येता येतं का ते तिकिटाच्या खिडकीवर पक्कं करा.

फोंडेकरीण
देव बरें करूं ताई. आज फोंड्यात इयरमफ मिळाले, पिवळे. घरी लावून मी मिक्सरवर खोबरं वाटलं, एरवी तो मिक्सर दिसला की अंगणात पळतो, आज माझ्याजवळ उभा राहून बघत होता. उद्या हॉटेलला फोन करते.

म्हापशेंकार
पनवेलहून खोपोलीला गाडीवाले किती घेतात हल्ली?