‘प्रिटीज’मधल्या दोन गोळ्या: कोणती गोळी नेमकं काय करते? (कथानक उघड होईल)

पानकिडा
स्कॉट वेस्टरफेल्डच्या ‘अग्लीज’ मालिकेतला दुसरा भाग, ‘प्रिटीज’ (२००५), १४-१५ वर्षांच्या मुलांच्या वाचनगटात घ्यायचा आहे. अडतंय ते गोळ्यांपाशी. नायिका टॅली आणि तिचा साथीदार झेन एकेक गोळी गिळतात, दोघांचंही डोकं ताळ्यावर येतं. मग झेनचंच डोकं का ठणकत राहतं? पहिला भाग न वाचता थेट हा घेतला तर चालेल का? आणि मुलांसोबत वाचताना कुठे जपावं?

शब्दवेल्हाळ
आधी गोळ्या. सोळाव्या वर्षीच्या शस्त्रक्रियेत चेहरा घडवतात तेव्हाच मेंदूत बारीक जखमा करून ठेवतात. माणसं सुखी आणि आज्ञाधारक होतात ती या जखमांमुळे. शहराबाहेर राहणाऱ्या मॅडी या डॉक्टरने काढलेला उपचार दुहेरी आहे: एका गोळीतले नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म यंत्रं, जखमा खातात, दुसरीतले नॅनो काम उरकल्यावर पहिल्यांना आवरतात. दोन्ही गोळ्या एकाच माणसाने घ्यायच्या असतात. या दोघांनी त्या वाटून घेतल्या. खाणारी झेनला मिळाली, आवरणारी टॅलीच्या पोटात गेली. झेनच्या जखमा संपल्या तरी नॅनो थांबले नाहीत, ते धड मेंदू कुरतडत राहिले. म्हणून डोकेदुखी.

आता खरी मेख. टॅलीच्या गोळीला आवरायला समोर काहीच नव्हतं, म्हणजे तिला औषध मिळालंच नाही. ती स्वतःच्या बळावर जागी झाली. हे मॅडी उशिरा सांगते, त्यामुळे वाचणारा तोवर गोळीलाच श्रेय देऊन बसतो. मुलांना ते वाचून झाल्यावर मागे न्या. झेनबरोबर मनोऱ्यावर चढताना, गोळी तोंडात जायच्या आधीच, तिचं डोकं स्वच्छ व्हायला लागलेलं असतं. ते पान पुन्हा वाचलं की अख्ख्या पुस्तकाचा अर्थ बदलतो. माझ्या मते या भागाचं सगळं मोल त्या एका वळणात आहे.

उंबरठा
थेट दुसरा भाग घेऊ नका. दोन धागे तुटतात. उपचाराची चाचणी स्वतःवर करून घ्यायला टॅली आपणहून शहरात परतते आणि तशी संमती लिहून देते, ते पहिल्या भागाच्या शेवटी आहे. तिला गोळ्यांसोबत तिच्याच अक्षरातलं पत्र सापडतं, पण ती ते लिहिल्याचं विसरलेली असते. हा धक्का मागचं माहीत असल्याशिवाय बसत नाही. दुसरा धागा शेचा, म्हणजे टॅलीच्या जुन्या मैत्रिणीचा. टॅलीच्या गळ्यातल्या पदकातून स्मोकचा, म्हणजे शहरातून पळालेल्यांच्या लपलेल्या वस्तीचा, ठावठिकाणा फुटला, हे आठवल्यावर शेचा संताप होतो. पहिला भाग न वाचलेल्यांना ती विनाकारण दुष्ट वाटेल, आणि तो तिच्यावर अन्याय आहे. वेळ कमीच असेल तर पहिल्या भागाचा शेवटचा तिसरा हिस्सा तरी वाचून घ्या.

तळटीप
जपायची जागा म्हणजे शेचा गट. डोकं जागं ठेवायला ही मुलं स्वतःला कापून घेतात. दुसरीकडे टॅली आणि झेन त्याच हेतूने उपाशी राहतात. या वयाच्या मुलांसमोर दोन्ही गोष्टी नाजूक आहेत. हे प्रसंग आधी स्वतः वाचून ठेवा, गटात मोठ्याने वाचू नका आणि बैठक तिथे तोडू नका, कारण मुलं तेच चित्र घेऊन घरी जातात. मनोऱ्यावर जागं होणं आणि शेचं कापून घेणं शेजारी ठेवून विचारा: टॅलीला जे साधलं ते इजेमुळे साधलं का? उत्तर पुस्तकातच मिळतं. कोणी अचानक गप्प झालं तर गटासमोर खोदून विचारू नका, नंतर एकट्याशी बोला.

पानकिडा
मनापासून आभार. एक शंका उरली. टॅली गरम हवेच्या फुग्यातून पडल्यावर रानातल्या वस्तीत पोचते, तो मधला भाग रेंगाळतो. गाळला तर?

शब्दवेल्हाळ
गाळू नका, हवं तर भरभर वाचा. त्या वस्तीभोवती झाडांना छोटे बाहुले टांगलेले आहेत. जवळ गेलं की असह्य वेदना होतात, म्हणून तिथे राहणाऱ्या अँड्र्यू सिम्पसन स्मिथच्या लोकांना जग तिथेच संपतं असं वाटतं. शास्त्रज्ञांनी त्यांना अभ्यासासाठी तसं कोंडलंय. शहरात कुंपण मेंदूच्या आत घातलंय, इथे ते झाडांवर लटकवलंय. टॅली त्याला सांगते की पलीकडेही जग आहे, आणि हे सांगते ती अशी मुलगी, जिच्या स्वतःच्या डोक्यातलं कुंपण कोणत्याच गोळीने काढलेलं नाही. आपल्याला औषध मिळालं नव्हतं हे तेव्हा तिलाही माहीत नसतं. म्हणून हा भाग मॅडीच्या खुलाशाआधी येणं गरजेचं आहे.